जिन्यावरून जड सामान उतरवताना पट्टा काय करतो आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सदाशिव पेठेतली जुनी इमारत पुनर्विकासाला निघाली आहे, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. हलवायचं आहे आईच्या लग्नातलं लोखंडी कपाट, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, डबल डोअरचा फ्रीज आणि सागवानी दिवाण. दोघे भाऊ तिशीतले, धडधाकट. ‘300 किलो’ असं छापलेले उचलायचे पट्टे आणून हे सगळं दोघांनीच उतरवता येईल का?

दिवाण येईल, पण सुटा करून. मशीन तिसरा माणूस असेल तर. कपाट आणि फ्रीज दोघांनी जिन्यावर उचलायचा विचार सोडून द्या, मग पट्टे कितीही किलोचे असोत. घरसामान हलवणं हेच माझं काम आहे आणि पट्टे मी रोज वापरतो, त्यामुळे असं का म्हणतो ते नीट सांगतो.

पट्ट्याने वजन ग्रॅमभरही कमी होत नाही. ते शरीराच्या कुठल्या भागावर यावं, एवढंच तो बदलतो. हाताने कपाट उचलायचं तर वाकून, बोटं तळाखाली घालून, कण्याच्या खालच्या भागावर सगळा ताण घेऊन उचलावं लागतं. पट्टा तळाखालून घेतला की ताठ उभं राहून, गुडघ्यांतून, मांड्यांच्या जोरावर उचलता येतं. बोटं तळाखाली अडकत नाहीत, पकड सुटायची भीती कमी होते, आणि कपाट जमिनीपासून दोन-तीन इंचच वर असल्याने टेकवायला वेळ लागत नाही. हा फायदा मोठा आहे. पण 90 किलोचं कपाट पट्ट्यात घेतलं तरी 90 किलोचंच राहतं. पट्ट्यामुळे ते हलकं वाटतं, आणि हलकं वाटलं की माणूस जिन्याकडे निघतो. धोका तिथे सुरू होतो.

पट्ट्यावरचा ‘300 किलो’ हा आकडा कापडाचा आहे, तुमच्या गुडघ्यांचा नाही. कारखान्यात क्रेनला लावतात त्या जाड पट्ट्यांवर लिहिलेल्या वजनाच्या सातपट ताकद कापडात धरलेली असते. ते पट्टे रंगावरून ओळखू येतात: जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा. घरगुती पट्ट्यांवर मात्र छापलेला आकडा सुरक्षित वजनाचा आहे की पट्टा तुटेल त्या वजनाचा, हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. तसं असेल तर तो तुटण्याचा आकडा आहे असं धरून चाला. माणसाचा आकडा वेगळा शोधावा लागतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुष कामगारासाठी 55 किलो ही वरची मर्यादा सुचवली. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र तर 23 किलोपासून सुरू होतं, तेही वजन अंगाजवळ आहे, पकड चांगली आहे आणि जमीन सपाट आहे अशा सगळ्या सोयी धरून. आठवडाभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाने स्वतःला या दोन आकड्यांमध्ये कुठे बसवायचं ते प्रामाणिकपणे ठरवावं.

आता जिन्याचा हिशेब. सगळ्यात कमी समजून घेतली जाणारी गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सपाट जमिनीवर दोघांनी कपाट उचललं की निम्मं-निम्मं वजन वाटलं जातं. जिन्यावर कपाट कललं की त्याचा गुरुत्वमध्य खालच्या माणसाकडे सरकतो. किती, ते वस्तूच्या आकारावर ठरतं. नेहमीचं दोन दारी लोखंडी कपाट 78 इंच उंच, 36 इंच रुंद आणि 19 इंच खोल असतं. रिकामं, लॉकरसकट, साधारण 80 ते 100 किलो भरतं. आपण 90 धरू. जिना साडेसहा इंच उंचीच्या आणि दहा इंच रुंदीच्या पायऱ्यांचा समजा. कपाट त्याच्या पाठीवर निजवून, म्हणजे दारं वर ठेवून, उतरलात तर खालच्याच्या वाट्याला सुमारे 52 किलो येतात आणि वरच्याच्या 38. तेच कपाट कुशीवर, म्हणजे 36 इंचांची बाजू उभी धरून घेतलंत, तर खालच्यावर 59 च्या आसपास आणि वरच्यावर 31. पट्टे टोकांना न लावता थोडे आत घेतले तर फरक आणखी वाढतो. त्यातही खालचा माणूस उलटा चालत असतो आणि त्याला पायरी दिसत नसते.

वॉशिंग मशीन हे दिसायला छोटं, पण खरं अवघड प्रकरण. ते साधारण 60 सेंटिमीटर रुंद, 85 उंच आणि 60 ते 75 किलोचं असतं, कारण ड्रमचा धक्का सोसायला आत काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. जिन्याच्या उताराइतकंच ते कलू दिलंत, तर जवळजवळ सगळं वजन एकट्या खालच्या माणसावर जातं. वरच्याला वाटतं, किती सहज चाललंय! फ्रीज तर याहून उंच. तो उभाच धरून जिन्याच्या उताराला कलवला तर त्याचा तोल खालच्या माणसाच्या पलीकडे जातो आणि वरच्याला तो मागे ओढून धरावा लागतो. दोघांनी फ्रीज नको म्हणतो ते यासाठी.

म्हणून मशीन जिन्यावर शक्य तितकं सरळ पातळीत ठेवूनच न्यायचं. त्यासाठी खालच्याचा पट्टा आखूड आणि वरच्याचा लांब हवा. दोघांमध्ये साधारण चार पायऱ्यांचं अंतर पडतं, म्हणजे उंचीत दोन फुटांहून थोडा जास्त फरक, आणि तो पट्ट्यातच भरून काढावा लागतो. सपाट जमिनीवर दोघांचे पट्टे सारखे करून घेतलेले असतात आणि तेच तसेच जिन्यावर नेले जातात, ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. जिन्याच्या तोंडाशी मशीन टेकवा, पट्टे नव्याने जुळवा, मगच पहिली पायरी. पातळीत धरलेलं मशीन खालच्याच्या छातीपर्यंत येतं आणि त्याला समोरचं काहीच दिसत नाही. म्हणून तिसरा माणूस लागतो. त्याने उचलायचं नाही. खालच्याच्या मागे एक पायरी सोडून, पण भिंतीच्या कडेला राहायचं, त्याच्या कमरेला हात लावायचा आणि पायऱ्या मोजत सांगायच्या: ‘तीन राहिल्या, दोन, एक, लँडिंग.’

पट्टे दोन प्रकारचे मिळतात. एक कोपराजवळ अडकवायचे: दोन लांब पट्टे, टोकांना फासे, तळाखालून फुलीसारखे किंवा समांतर न्यायचे. दुसरे खांद्याचे: छातीवर पाठपिशवीसारखी जोडणी आणि दोघांमध्ये तळाखालून जाणारा एकच पट्टा. सपाट जमिनीवर खांद्याचे पट्टे फार चांगले, कारण हात मोकळे राहतात आणि वस्तूचा तोल सांभाळता येतो. जिन्यावर मात्र मी घरच्या माणसांना खांद्याचे पट्टे वापरू नका असंच सांगतो. पाय घसरला तर खालचा माणूस त्या वस्तूला बांधलेला असतो. कोपराच्या पट्ट्यात हात सरळ खाली सोडला की फास निघतो. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, बोटांना वेढा द्यायचा नाही, हेही त्याचसाठी.

फास कोपराच्या किंचित पुढे, हाताच्या मांसल भागावर हवा, हात काटकोनात आणि तळवे वस्तूला टेकलेले. वजन पट्टा घेतो, तळवे फक्त तोल राखतात. वस्तूला चिकटून उभे राहा. लांब उभे राहिलात तर पट्टा तिरपा होतो आणि त्याच वजनाला जास्त ताण पडतो: उभ्या रेषेपासून 30 अंश तिरपा झाला तर 15 टक्के, 45 अंशांना 40 टक्क्यांहून जास्त. शिवाय तो तुम्हाला वस्तूकडे खेचत राहतो. हात बधिर वाटले किंवा मुंग्या आल्या तर टेकवा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्याने, हर्नियाचं किंवा मणक्याचं दुखणं असलेल्याने हे पट्टे लावू नयेत. उचलताना श्वास रोखू नका.

उचलण्याआधी पट्टा हातातून पूर्ण सरकवून पाहा. कडेला चीर आहे का, शिवण उसवली आहे का, उन्हात राहून रंग उडाला आणि कापड कडक झालं आहे का. यातलं काहीही असेल तर तो पट्टा कापूनच टाका. नुसता बाजूला ठेवलात तर दुसरा कोणी उचलतो. लांबी कमी करायला गाठ मारू नका, गाठीपाशी पट्ट्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. बकल असलेला पट्टाच घ्या. पट्टा पॉलिएस्टरचा असावा. नायलॉनची दोरी ताणली जाते, आणि उचलल्यावर तीन इंच खाली आलेली वस्तू पायावर येते. लोखंडी कपाटाच्या तळाची पत्र्याची कड कापडाला सुरीसारखी लागते. तिथे जाड पुठ्ठा किंवा दुमडलेलं गोणपाट ठेवून मगच पट्टा घाला. कपाटाला पाय असतील तर पट्टा पायांच्या आतून जायला हवा, बाहेरून घेतला तर कलताक्षणी निसटतो. आणि गुळगुळीत वस्तू तळाच्या पट्ट्यांवरून घसरू नये म्हणून मध्यावर एक आडवा पट्टा घट्ट आवळून तळाचे पट्टे त्याखालून घ्या. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि ते मी कधीही टाळत नाही.

आता तुमच्या कपाटाबद्दल. ते उचलूच नका. वजन जिन्याला द्या आणि पट्ट्याचा उपयोग ब्रेक म्हणून करा.

आधी कपाट रिकामं करा, अगदी रिकामं. साड्या ‘हलक्याच असतात’ म्हणून आत ठेवल्या जातात आणि त्या सगळ्या मिळून सहज 20-25 किलो भरतात. फळ्या काढा, हँगरची नळी काढा, दागिने आणि कागदपत्रं स्वतःजवळ घ्या. दाराला कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा, दारांवरून एक पट्टा आडवा आवळा. जिन्याच्या तोंडाशी जुनी गादी किंवा दोन जाड गोधड्या पसरा, त्यावर कपाटाइतकी लांब प्लायची फळी, त्यावर कपाट पाठीवर निजवा, म्हणजे दारं वर येतील. पाठीचा पत्रा पातळ असतो, फळी नसेल तर पायऱ्यांच्या कडांनी पोचे पडतात. गादी, फळी, कपाट सगळं दोन ठिकाणी आवळून एक करा. मग एक लांब पट्टा कपाटाच्या खालच्या टोकाखालून, दोन्ही कुशींवरून वर आणा आणि दोन्ही शेवट वरच्या दोघांच्या हातात द्या. आडव्या पट्ट्यांखालून तो नेलात तर बाजूला सरकणार नाही.

78 इंच लांब कपाट एका वेळी सहा पायऱ्यांच्या कडांवर टेकतं, त्यामुळे ते ठेचकाळत नाही, सरकत जातं. घर्षण अजिबात नसतं तरी या उतारावर 90 किलोचं कपाट धरून ठेवायला 49 किलोंचा जोर पुरला असता. गादीच्या घर्षणाने तो त्याहून बराच कमी होतो, आणि तोही दोघांमध्ये वाटला जातो. उचलून नेण्याशी याची तुलनाच नाही. वरच्या दोघांनी पायरीला टाच रोवून, अंग मागे टाकून, हातभर हातभर पट्टा सोडायचा. खाली फक्त एक जण, तोही कपाटाच्या सरळ रेषेत नाही, बाजूला, दिशा देण्यापुरता. कपाट सुटलंच तर ते मोकळ्या लँडिंगवर जाऊन थांबावं. तिथे माणूस, कुंडी, सायकल काही नको. आरसीसी जिन्याचा लोखंडी कठडा पक्का असेल तर पट्ट्याचा एक वेढा त्याला देऊन सोडता येतं. लाकडी कठड्यावर भरवसा ठेवू नका. जुन्या वाड्यातला अरुंद, उभा लाकडी जिना असेल तर हे सगळंच बाजूला ठेवा आणि अनुभवी माणसं बोलवा.

लँडिंगवर वळण्यासाठी कपाट उभं करावं लागतं. 78 बाय 19 चं कपाट उभं होताना त्याचा कोपरा 80 इंचांहून थोडा वर जातो. वरच्या जिन्याचा पोटभाग किती उंचीवर आहे ते आदल्या दिवशी टेपने मोजा. लँडिंगवर दिव्याची पट्टी किंवा मीटरची पेटी असेल तर तीही मोजा. उभं केलेलं कपाट कोपऱ्यावर चालवत वळवायचं, पुन्हा निजवायचं. प्रत्येक लँडिंगवर थांबायचं, पाणी प्यायचं.

एवढ्याला चार माणसं हवीत: दोन वर, एक खाली, एक दारं सांभाळायला, वाट मोकळी ठेवायला आणि मध्येच हात द्यायला. तुम्ही दोघे असाल तर दोन हमाल बोलवा. मंडईत, मार्केट यार्डात पाठीवर दोरी टाकून एकट्याने फ्रीज नेणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. ते कसब वर्षानुवर्षांच्या सवयीने अंगात येतं आणि त्याची किंमत मणके, गुडघे मोजतात. या कष्टांना कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून महाराष्ट्रात माणसांनी लढे दिले, त्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. म्हणून कोणी एकट्याने पाठीवर नेतो म्हणाला तरी त्याला तसं करू देऊ नका. वजनं खरी सांगा, मजला खरा सांगा, आणि माणसं वाढवा. फ्रीजही त्यांच्याच हाती द्या: उभाच, पातळीत, चौघांनी, दर लँडिंगवर टेकवत. वाटेत आडवा करावाच लागला तर नव्या घरी उभा केल्यावर काही तास तरी चालू करू नका, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू द्या.

बोलायचं एकानेच. ज्याला पायऱ्या दिसतात त्याने. शब्द तीनच ठरवा: ‘घे’, ‘थांब’, ‘टेकव’. ‘टेकव’ कोणीही म्हणू शकतो, आणि म्हटलं की बाकीच्यांनी का म्हणून विचारायचं नाही. पायात बूटच हवेत, चपला नकोत. अंगठी, घड्याळ काढलेलं. पावसाळ्यात शिफ्टिंग असेल तर ओल्या चपलांनी जिना चढणाऱ्या शेजाऱ्यांना तासभर थांबायची विनंती करा, लोक ऐकतात.

दिवाण सोपा. फळ्या, बोल्ट, पाय वेगळे करा, बोल्ट एका पिशवीत घालून पिशवी चौकटीलाच बांधा. मग पट्ट्यांची गरजच उरत नाही.

टेम्पोत सामान बांधायला वापरायचे ते रॅचेटचे, म्हणजे खटक्याच्या दांडीने आवळायचे, पट्टे वेगळे, त्यांनी उचलायचं नाही. कपाट उभं, दारं केबिनच्या भिंतीकडे, कडांना गोधडी, आणि हलवून हलत नाही इतपतच आवळा. जास्त आवळलं की पत्रा दबतो आणि दारं लागेनाशी होतात.

नव्या इमारतीत लिफ्ट आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. आत ‘6 व्यक्ती, 408 किलो’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा वजनाचा प्रश्न नसतो, प्रश्न उंचीचा असतो. लिफ्टचं दार बहुधा दोन मीटर उंच आणि कपाट 1.98 मीटर. दोन सेंटिमीटरच्या फटीतून ते तिरपं न करता, 19 इंचांची बाजू दाराकडे ठेवून सरळ आत सरकवावं लागतं, आणि केबिनची खोली 36 इंचांहून जास्त हवी. सोसायटीच्या ऑफिसात फोन करून दोन्ही मापं आधी विचारा. बसत नसेल तर कपाट तिथेही जिन्यानेच जाणार. चढवताना पायऱ्या तुमची बाजू घेत नाहीत, घर्षण उलट विरोधात जातं, म्हणून तिथे चौघे पुरणार नाहीत, सहा धरा.

मशीन निघण्याआधीचं एक काम राहिलं. फ्रंट लोडसोबत ड्रम जखडायचे लांब बोल्ट आलेले असतात, ते मागच्या छिद्रांत बसवा. हरवले असतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून मागवा. खालच्या फिल्टरमधून साचलेलं पाणी काढा, नाहीतर ते जिन्यावर सांडतं आणि नेमकं तुमच्याच पायाखाली येतं. नव्या घरी मशीन जागेवर बसवलं की ते बोल्ट काढल्याशिवाय बटण दाबू नका, जखडलेला ड्रम फिरायला लागला तर मशीनच निकामी होतं.